डायनासोर गवत खायचे, आणि ते कळलं आपल्या चंद्रपूरमुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आमच्या सोसायटीच्या मुलांनी मागच्या अंगणात किल्ला केला होता. तिथे जे झालं ते मनातून जात नाहीये म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी डायनोव्हेंबरबद्दल सांगते, कारण बऱ्याच जणांना हा प्रकार माहीत नसतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ट्यूमा नावाच्या एका नवराबायकोने २०१२ मध्ये आपल्या मुलांसाठी हे सुरू केलं. नोव्हेंबर महिनाभर घरातले प्लॅस्टिकचे डायनासोर रात्री जिवंत होतात आणि सगळे झोपले की घरभर उद्योग करून ठेवतात, सकाळी उठून मुलांनी ते शोधायचं, बस एवढंच. मांडामांड अर्थात आईबाबांनी करायची. काही विकत आणायचं नाही, कुठे जायचं नाही. मला हे फार आवडलं, कारण मी रोज अंधेरी-चर्चगेट करते, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, मुलांच्या वाट्याला मी उरते ती झोपायच्या आधीची दोन तास. पण सगळं आवरल्यावर रात्री अकराला दहा मिनिटं काढता येतात.

आमचे डायनासोर लोकलमधले. लेडीज डब्यात क्लिपा आणि रुमाल विकणाऱ्या ताईंकडे एकदा पाकीट होतं, शंभर रुपयांत बारा. लांब मानेचा एक हिरवा आहे तो धाकट्याचा एकदम लाडका. दिवाळीत मी दारातल्या रांगोळीजवळ थोडी पांढरी रांगोळी पसरली आणि त्या हिरव्याला त्यावरून चालवत फराळाच्या डब्यापर्यंत नेलं, डब्याचं झाकण अर्धं उघडं ठेवलं आणि बाजूला चकलीचा तुकडा. सकाळी धाकटा, पाच वर्षांचा, उकिडवा बसून ते ठसे बघत होता, मग त्याने हळूच डायनासोर उचलून उलटा केला, त्याच्या पायांच्या खाचांत रांगोळी अडकलेली होती ती बोटाने काढून मला दाखवली आणि कानात सांगितलं, "आई, हा खरंच चालला." मोठी चौथीत आहे, तिला सगळं कळलंय, पण ती भावासाठी गप्प बसते आणि रात्री मला आयडिया देते.

तर किल्ला. चौथीला इतिहासात शिवछत्रपती असतात, त्यामुळे यंदा मोठीने किल्ला फार मनावर घेतला होता. चार दिवस माती कालवली, पोती लावली, अळीव आणि मोहरी पेरली, ती छान तरारून आली. धाकट्याने हट्ट धरला की हिरवा डायनासोर किल्ल्यावर पाहिजेच. तिने खूप विचार करून ठरवलं की महाराजांच्या सिंहासनाजवळ नाही, मावळ्यांमध्ये पण नाही, तो गडाच्या पायथ्याला जंगलात राहणार आणि गवत खाणार. अळिवाच्या हिरव्या कोंबांत त्याची मान बुडालेली इतकी गोड दिसत होती!

बक्षिसं द्यायला बाहेरून एक गृहस्थ आले होते. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की बाळ, हे चुकलं, डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, आणि डायनासोर आपल्याकडे कुठे होते, ते अमेरिकेत. प्रेमानेच बोलले, पण मुलगी तेव्हापासून गप्प. रात्री स्वतः जाऊन डायनासोर काढून घेऊन आली.

मला राहवलं नाही म्हणून मी शोधायला बसले आणि जे सापडलं ते वाचून माझी झोपच उडाली. गवत डायनासोरनंतर आलं असं जगभरचे शास्त्रज्ञ बरीच वर्षं मानत होते हे खरं. ते बदललं २००५ मध्ये, आणि कशामुळे, तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ सापडलेल्या डायनासोरच्या शेणामुळे! दगड झालेलं शेण. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेतल्या डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. गवताच्या पात्याने बोट कापतं ना, ते त्यातल्या सिलिकामुळे, आणि त्या सिलिकाचे बारीक कण गवतांच्या वेगवेगळ्या गटांत वेगळ्या आकाराचे असतात, पोटातून गेले तरी मोडत नाहीत. त्या शेणात असे कण मिळाले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे, त्यात एक तर आपल्या भाताच्या कुळाशी नातं असलेलं. मुख्य खाणं इतर झाडपाला होता, पण तोंडी गवतही लागायचं. आणि हे शेण कोणाचं असावं, तर लांब मानेच्या डायनासोरचं, तसल्यांची हाडंही त्याच भागात मिळालीत. म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याला माझ्या मुलीने जो देखावा केला होता तो बरोबर होता!

तिला हे सांगितलं तेव्हा आधी दोघं शेण शेण करून पोट धरून हसली, मग मोठी एकदम सीरियस झाली आणि म्हणाली, "आई, हे आम्हाला शाळेत का नाही सांगत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि फक्त पिसदुरा नाही. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ मध्ये जी हाडं निघाली त्या डायनासोरला १९७५ मध्ये नाव मिळालं बारापासॉरस टागोराय, 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोराय रवींद्रनाथांच्या नावावरून. मांडीचं हाडच सुमारे १.७ मीटर, म्हणजे उभं केलं तर माझ्याहून उंच. अख्खा प्राणी बेस्टच्या बसपेक्षा लांब. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे, आणि आपल्या मराठी मुलांना टी-रेक्सचं स्पेलिंग पाठ, ह्याचं नावही ठाऊक नाही. नर्मदेच्या खोऱ्यातला राजासॉरस, डोक्यावर शिंग असलेला मांसाहारी, २००३ मध्ये त्याला नाव दिलं, तोही कोणाला माहीत नसतो.

मुंबईचंच बघा ना. अंधेरीचा गिल्बर्ट हिल आमच्या गच्चीवरून दिसतो, वर गावदेवीचं मंदिर आहे, आम्ही नवरात्रात जातो. तो जवळजवळ दोनशे फुटांचा काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. वरळीच्या काळ्या दगडांत बारक्या बेडकांचे जीवाश्म मिळालेत, त्यांचं वर्णन १८४७ मध्येच छापून आलं होतं. रोज ज्या दगडांवरून आपण चालतो त्याची गोष्ट मुलांना सांगायला काय हरकत आहे?

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती. येत्या नोव्हेंबरात आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला आपल्या मातीतला एक डायनासोर छापा, चित्र मोठं द्या म्हणजे मुलांना कापून भिंतीला लावता येईल, आणि पिसदुऱ्याच्या शेणाची गोष्ट सगळ्यात आधी छापा कारण ती मुलांना हमखास आवडणार. नेहरू सायन्स सेंटर वरळीतच आहे, तिथे किंवा आपल्या वस्तुसंग्रहालयात बारापासॉरसच्या सांगाड्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आणण्याबद्दल आपण लिहिलंत तर त्याला वजन येईल, माझ्या एकटीच्या पत्राने नाही येणार. आणि आईबाबांना सांगते, डायनोव्हेंबर करून बघा, पण आदल्या दिवशी पाच मिनिटं काढून एका डायनासोरचं नाव आणि गाव शोधून ठेवा, मुलं विचारतातच.

पुढच्या किल्ल्याचं आमचं ठरलंय. हिरवा डायनासोर पुन्हा पायथ्याला अळिवातच बसणार आणि शेजारी आइस्क्रीमच्या काडीवर पाटी असणार. ती मोठीने आताच लिहून कपाटात ठेवलीय : पिसदुरा, जि. चंद्रपूर.

आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई
अंधेरी (पश्चिम), मुंबई