तांब्याच्या पुढची तार

फोंडा, गोवा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा कच्चा अहवाल सावकाश वाचून काढला. चिपमधल्या तारांसाठी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, हा विषय घेतलास याचा फार आनंद झाला. माझा जन्म विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्यात गेला, त्यामुळे तांबे नेमके कुठे कमी पडते ते मी अधाशासारखे वाचले. तांब्यात इलेक्ट्रॉन सरासरी ४० नॅनोमीटर धावतो आणि मग कशावर तरी आपटतो; तारच त्याहून अरुंद झाली की तो कडांवर आपटत राहतो आणि रोध चढतो. शिवाय तांबे आजूबाजूला झिरपू नये म्हणून टँटलमचे अस्तर लागते, तेही जागा खाते. हा भाग उत्तम उतरलाय.

पण पुढे तुझा सगळा भर एकाच आकड्यावर आहे: नॅनोट्यूब दर चौरस सेंटिमीटरला १०० कोटी अँपिअर पेलते. खरे आहे, तांबे त्याच्या जवळपासही जात नाही. तरी माझे लक्ष जोडावर जाते. जळालेली मोटार उघडली की मी आधी टर्मिनल, म्हणजे तार जोडायची जागा, बघतो. आपल्या खाऱ्या हवेत तिथे हिरवट पूड धरते, नट सैल पडतो, आणि बाकी वाइंडिंग शाबूत असताना तेवढीच जागा काळी झालेली असते.

तुझ्या नळीत तर धातूशी तिचा जोड निर्दोष असला तरी एकपदरी, म्हणजे कार्बनचा एकच थर असलेल्या, नळीचा रोध साधारण ६.५ किलोओहमच्या खाली येत नाही. म्हणजे रोध कमी करायला शेजारी-शेजारी अनेक नळ्यांचा दाट जुडगाच हवा. त्यातही एकपदरी नळ्या जशा उगवतात तशा घेतल्या, तर तिसरा हिस्साच धातूसारखा वागतो, बाकीच्या अर्धवाहक. आणि चांगल्या नळ्या उगवायला बहुधा ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, तर चिपवरचे तयार थर ४०० च्या वर नेता येत नाहीत. या तिन्ही गोष्टी तू एका परिच्छेदात उरकल्यास. माझ्या मते खरा प्रबंध तिथेच आहे.

२००८ मध्ये स्टॅनफर्ड आणि तोशिबाच्या संशोधकांनी सिलिकॉन चिपवर नॅनोट्यूबच्या तारांनी १ गिगाहर्ट्झ गाठून दाखवला, तो दाखला जरूर घाल. तांब्याशी तुलनेच्या तक्त्यात तारेची रुंदी लिहायची राहिलीय. तुमच्या लॅबमध्ये नळीचा आणि जोडाचा रोध वेगवेगळा मोजता येतो का, ते गाइडना विचारून कळव.

तुझा,
बाबा