चूक नव्हे, जुळवणूक

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील ‘नेकेड मोल रॅट’ या जवळजवळ केस नसलेल्या, उंदरासारख्या छोट्या प्राण्यावरील लेखात त्याला ‘निसर्गाची चूक’ ठरवले आहे, ते पटले नाही. केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या कोरड्या, टणक जमिनीखाली तो आयुष्य काढतो आणि त्याचे शरीर त्या बिळासाठीच घडले आहे. पुढचे दात ओठांच्या बाहेर असतात, म्हणून दातांनी माती उकरली तरी ती तोंडात जात नाही. बिळातले तापमान फारसे बदलत नाही, मग दाट केस हवेत कशाला? एवढासा जीव ३० वर्षांहून अधिक जगू शकतो, हे लेखात एका ओळीत उरकले (आणि दिसण्यावर दोन परिच्छेद!). कोंदट बिळात प्राणवायू कमी असतो. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर हे प्राणी प्राणवायूविना १८ मिनिटे तगले.
– एक वाचक