अलिबागला रुजू होण्याआधी

श्रीवर्धन

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

ऑर्डर आल्याचं कळलं. तुझ्या आईचा अजून बँकेच्या परीक्षेचाच हेका आहे. 'पोरीने रोज उठून बलात्कार नि खुनाचीच गाऱ्हाणी ऐकायची का?' म्हणते. तिचं मी बघतो. तू विधी सेवा प्राधिकरणात रुजू हो.

कोर्टात पुकारा करण्यात माझी सगळी नोकरी गेली. खटला असायचा 'सरकार विरुद्ध अमुक'. ज्याच्या घरावर आभाळ कोसळलं तो त्यात नुसता साक्षीदार. सरकारला वकील, आरोपीला वकील. व्हरांड्यात एकच बाक. त्यावर आरोपीचे भाऊबंद, आणि टोकाला पदराचा बोळा तोंडाशी धरून बसलेली पोरीची आई. भाऊबंदांचा चहा यायचा. तिला पाणी विचारणं हे कोणाचंच काम नव्हतं. समन्स तेवढं वेळेवर पोचायचं.

2009 च्या शेवटी फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडितांच्या भरपाईचं 357-अ कलम लागू झालं, आता त्या संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 396 आहे. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी नुकसानभरपाईचा अर्ज तुमच्याकडे करता येतो. गावात हे कोणाला ठाऊक नसतं. 'निकाल लागू दे, मग बघू' म्हणत माणसं बसून राहतात. आपल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, 12 मार्च 1993 ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. टाडा कोर्टाचा (दहशतवादविरोधी कायद्याखालचं खास कोर्ट) निकाल लागेस्तोवर 2006-07 उजाडलं, आणि म्होरके तेव्हाही फरारच. निकालाच्या भरवशावर कोणाची चूल पेटायची?

बलात्कार, अॅसिड हल्ला सोसलेल्या बायकामुलांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे अर्जही तुमच्याकडेच येतात. (कागदांचं बाड बघून दचकू नकोस, सरकारी काम आहे.) एफआयआरची नक्कल, दवाखान्याचे कागद तू ठाण्याकडून मागव, त्या बाईला हेलपाटे घालायला लावू नकोस. काय घडलं ते जबाबात लिहिलेलं असतं. ती समोर येण्याआधी ते वाचून ठेव. पोलिसांना सांगून झालं, डॉक्टरला सांगून झालं, आता तुला पहिल्यापासून कशाला सांगायचं? बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हेही पहिल्याच भेटीत सांगून टाक.

आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या माणसाला दुपारनंतरची वेळ देऊ नकोस. परतीची एसटी चुकली की रात्र स्टँडवर, मग पुढच्या तारखेला तो माणूस येतच नाही. डेपोतलं वेळापत्रक उतरवून सोबत जोडलंय.

तुझा,
बाबा