सोहम पाच सामने बसून का होता

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "पोरगं धडधाकट आहे, रोज सरावाला जातंय, मग अर्धा हंगाम बाहेर का बसवलं? काही आगळीक केली का त्यानं?" मी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि विषय डोक्याला लागणाऱ्या मारावर गेला. दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नाहीत. शिवाय एक तिसरी गोष्ट आहे, ती मला बाबांच्या कानावर घालायचीच आहे. म्हणून हे पत्र.

सोहमनं काहीही आगळीक केलेली नाही, हे आधी सांगते. आडवा आला तो शाळा बदलण्याचा नियम. सोहम खेळतो तो अमेरिकन फुटबॉल, आणि इथं अमेरिकेत ओहायो राज्यात शाळांच्या खेळांचा कारभार 'ओहायो हायस्कूल अ‍ॅथलेटिक असोसिएशन' बघते. तिचा कायदा असा की नववीत पोरगं ज्या शाळेत दाखल झालं, ती त्याची शाळा. पुढे शाळा बदलली तर हंगामातले पहिले निम्मे सामने खेळायचे, उरलेले निम्मे आणि त्यानंतरची बाद फेरी बाहेर बसून बघायची. हंगाम दहा सामन्यांचा, म्हणजे पाच खेळायचे आणि पाच बसायचे. याला अपवाद आहेत. त्यातला सगळ्यात सरळ अपवाद म्हणजे आई-वडील खरोखर बिऱ्हाड हलवून नव्या शाळेच्या हद्दीत राहायला आले, तर मुलाला पहिल्या दिवसापासून पूर्ण मोकळीक.

आमचं घोडं इथंच अडलं. संदीप नव्या नोकरीसाठी जूनमध्येच सोहमला घेऊन इकडे आला आणि माझं काम नोव्हेंबरपर्यंत सिनसिनाटीत होतं. शाळेत कागद द्यायला संदीप गेला तेव्हा मी फोनवर होते. भाडेकरार, विजेचं बिल, पाण्याचं बिल, वाहन परवान्यावरचा नवा पत्ता, सगळं त्यानं टेबलावर मांडलं. तिथल्या बाईंनी एकेक कागद उलटसुलट करून बघितला आणि शांतपणे विचारलं, "आईचं नाव यातल्या कशावरच दिसत नाही?" माझं नाव तिकडच्या घराच्या करारावर होतं. विषय संपला. संदीप चिडला होता, सोहम तर दोन दिवस नीट जेवला नाही. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. बाबा, याचं कारण तुम्ही आहात.

तालुक्याच्या स्पर्धेत सतरा वर्षांखालच्या संघात चांगल्या मिशा फुटलेला गडी उभा दिसला, की तुम्ही शिट्टी खिशात घालून म्हणायचात, "जनरल रजिस्टर आणा." समोरचे सर तुमचे मित्र असले तरी. एकदा आपल्याच शाळेच्या पोराच्या दाखल्यावरची तारीख खाडाखोड केलेली निघाली, तर तुम्ही संघ मागे घेतलात आणि वर्षभर लोकांची बोलणी खाल्लीत. मी तेव्हा लहान होते, पण घरात काय काय ऐकू यायचं ते मला आठवतंय. त्या बाई कागद उलटत होत्या तेव्हा मला वाटलं, आपल्या बाबांनीही हेच केलं असतं.

बाकीचे नियमही तुम्हाला आवडतील असेच आहेत. आधीच्या सत्रात पूर्ण क्रेडिटच्या पाच विषयांइतकं पास झाल्याशिवाय मैदानात उतरता येत नाही. (पी.टी.चा तास या हिशेबात पाव क्रेडिटचा, हे वाचून तुम्हाला राग येईल, माहीत आहे.) वीस वर्षं पूर्ण झाली की शालेय खेळ बंद. आणि नववीत आल्यापासून आठ सत्रं मिळतात, मध्ये एखादं वर्ष घरी बसलं तरी घड्याळ थांबत नाही. मुलाला मुद्दाम मागे ठेवून अंगानं भरू द्यायचं आणि मग खेळवायचं, असल्या युक्त्यांना यामुळे आळा बसतो.

आता तुम्ही म्हणाल, शाळेतल्या पोरांच्या खेळासाठी एवढा कडेकोट बंदोबस्त कशाला? त्यासाठी इथली ईर्षा बघायला हवी. आमच्या गावापासून जवळच मॅसिलन आणि कँटन ही दोन शहरं आहेत, एकमेकांपासून तेरा-चौदा किलोमीटरवर. मॅसिलनची वॉशिंग्टन हायस्कूल आणि कँटनची मॅककिन्ले हायस्कूल १८९४ पासून एकमेकींशी खेळतायत. मॅसिलनची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास आणि शाळेच्या स्टेडियमची क्षमता सोळा हजारांच्या वर. म्हणजे निम्मं गाव एका वेळी बसेल एवढं मैदान, तेही शाळेचं! पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेलं गाव आहे. त्यातले बरेच कारखाने गेले, २०१८ मध्ये गावातलं रुग्णालयही बंद पडलं, पण फुटबॉल राहिला. गावात मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची त्यांची जुनी रीत आहे.

हंगामातला शेवटचा, दहावा सामना या दोघांचा. बाबा, तो बघायला गेलो तेव्हा मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियमच आठवलं. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ सकाळपासून कशा तापलेल्या असतात, तसंच. एका बाजूला नारिंगी-काळा, दुसऱ्या बाजूला लाल-काळा. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, मांडीवर ब्लँकेट, हातात जुनी वही. प्रत्येक चालीची नोंद ते पेन्सिलीनं करत होते. मी विचारलं, नातू खेळतोय का? म्हणाले, "नाही हो, आमच्या घरचं आता कुणीच शाळेत नाही." तरी ते शाळकरी वयापासून दर वर्षी येतात. मला ते फार आवडले. आणि त्याच आजोबांनी सतरा वर्षांच्या पोरानं चेंडू सोडल्यावर जी शिवी हासडली, ती ऐकून मी सोहमकडे बघितलं. तोही ऐकत होता.

हे प्रेम मोठं आहे, पण त्याचा भार पोरांच्या आणि प्रशिक्षकांच्या खांद्यावर असतो. मॅसिलनला पॉल ब्राउन नावाचे प्रशिक्षक होऊन गेले. त्याच शाळेचे माजी खेळाडू. १९३२ मध्ये, पंचविशीही उलटली नव्हती तेव्हा, ते तिथं आले आणि १९४० पर्यंत ९० सामन्यांत फक्त ८ हरले. पुढे ते विद्यापीठाच्या संघाकडे आणि मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले, क्लीव्हलंडच्या संघाला त्यांचंच नाव आहे. आता मॅसिलनच्या स्टेडियमवरही त्यांचं नाव आहे, म्हणजे त्यांच्यानंतर आलेला प्रत्येक प्रशिक्षक त्या नावाखालून मैदानात शिरतो. राज्याची अजिंक्यपदाची बाद फेरी १९७२ मध्ये सुरू झाली. त्याआधी पत्रकारांच्या क्रमवारीवर राज्यविजेता ठरायचा आणि त्यात मॅसिलननं कितीतरी मान मिळवले होते. पण बाद फेरीतून अजिंक्यपद मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं. अंतिम सामन्यात ७-२ असे जिंकले, आणि कुठं, तर कँटनमध्ये, मॅककिन्लेच्या घरच्या मैदानावर! तेव्हाचे प्रशिक्षक नेट मूर २०१५ पासून तिथं होते. आठ वर्षं गावानं धीर धरला, हे मला त्या विजयाइतकंच मोठं वाटतं.

आमच्या गावानं तेवढा धीर धरला नाही. सोहमच्या प्रशिक्षकांना काढलं.

इथं प्रशिक्षक बहुधा शाळेतलेच शिक्षक असतात. शिकवण्याची नोकरी वेगळी आणि प्रशिक्षकपदाचा जादा करार वेगळा, तो बहुतेक वर्षावर्षाचा. तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे गावानं निवडून दिलेलं शाळा मंडळ मतदानानं ठरवतं. सभा शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाली. बोलायला येणाऱ्याला तीन मिनिटं. एक गृहस्थ कागदावर लिहून आणलेले हरलेल्या सामन्यांचे आकडे वाचून दाखवत होते. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, माझा मुलगा या माणसामुळे गणितात पास झाला, याचा आकडा तुमच्या कागदावर आहे का? सर मागच्या रांगेत बायकोशेजारी बसून सगळं ऐकत होते. हात वर झाले, करार संपला, पुढचा विषय स्कूलबसच्या दुरुस्तीचा होता. सोमवारी सकाळी तेच सर सोहमच्या वर्गावर इतिहास शिकवायला उभे होते. सोहम घरी येऊन म्हणाला, "आई, त्यांनी हजेरी घेतली, आणि मला विचारलं, व्यायामशाळेत जातोस ना?" बाबा, त्या माणसाबद्दल मला जो आदर वाटतो तो मी इथं कुणाला नीट सांगू शकत नाही. तुम्हाला सांगते.

आई, आता तुझं. सोहम पुढच्या फळीत खेळतो. त्याच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. समोरून येणाऱ्या गड्याला अडवायचं आणि मागच्याला वेळ मिळवून द्यायचा, एवढंच त्याचं काम. टाळ्या दुसऱ्याला मिळतात. मार लागत नाही असं मी तुला खोटं सांगणार नाही, अंग रोज ठेचलेलं असतं. पण डोक्याच्या बाबतीत ओहायोत २०१३ पासून कायदा आहे. मेंदूला धक्का बसल्याचं नुसतं लक्षण दिसलं तरी पोराला तिथल्या तिथं बाहेर काढावं लागतं, त्या दिवशी परत खेळवता येत नाही, आणि नंतरही लेखी वैद्यकीय परवानगी लागते. प्रशिक्षकाची मर्जी तिथं चालत नाही. सप्टेंबरमध्ये त्याच्या संघातल्या एका मुलाला असं बाहेर काढलं. तो रडत होता, "मी बरा आहे" म्हणत होता. तरी काढलं. हे बघितलं म्हणून मी रात्री झोपू शकते. आणि ज्या दिवशी सोहमच्या बाबतीत अशी वेळ येईल, त्या दिवशी पुढे खेळायचं की नाही हे मी ठरवेन, गाव नाही.

तू खाण्यापिण्याचंही विचारलं होतंस. २०२१ मध्ये मॅककिन्लेत एक प्रकरण झालं होतं, ते मी तुला मुद्दाम सांगते, कारण बाहेरून ऐकलंस तर जास्त घाबरशील. एक खेळाडू व्यायामाला आला नाही म्हणून शिक्षा म्हणून त्याला डुकराचं मांस घातलेला पिझ्झा सगळ्यांसमोर खायला लावला, असा आरोप झाला. त्याच्या घराण्याच्या धर्मात ते वर्ज्य. प्रशिक्षकांनी आरोप नाकारला, पण मंडळानं मुख्य प्रशिक्षकासह अनेकांना काढून टाकलं. ती बातमी वाचताना तुझ्या गळ्यातली तुळशीची माळ डोळ्यांसमोर आली. त्यामुळे हंगामाच्या आधीच मी सरांना फोन करून सांगितलं होतं, आमच्या घरी काय चालतं, काय नाही. दर गुरुवारी संघाचं एकत्र जेवण असतं. पहिल्याच गुरुवारी एका मुलाच्या आईनं सोहमसाठी मांस न घातलेल्या पास्त्याचा वेगळा ट्रे आणला होता. झाकणावर निळ्या शाईनं त्याचं नाव. अर्धा ट्रे बाकीच्यांनीच संपवला, म्हणून पुढच्या वेळी दोन आले.

आता ती तिसरी गोष्ट. सोहम अंगानं भरलाय, सहा फुटांवर गेलाय, आणि अशा पोरावर लोकांची नजर असते. सरांचं प्रशिक्षकपद गेल्यावर आठवड्याभरात ओळखीच्या एका गृहस्थांनी संदीपला गाठलं. म्हणाले, याला मोठ्या शाळेत घाला, तिथं विद्यापीठांची माणसं बघायला येतात, घराची सोय आम्ही बघू. 'घराची सोय' म्हणजे कागदावरचा पत्ता. वर म्हणाले, आता पैसाही मिळेल. तेही खरं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ओहायोतल्या शाळांनी मतदान करून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायला मुभा दिली. संदीपनं त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. माझंही उत्तर तेच आहे. परत शाळा बदलली तर परत पाच सामने बसावं लागेल, हा हिशेब बाजूला ठेवला तरी तेच. जिथं आमची चूल आहे तिथल्या शाळेत पोरगं शिकेल आणि तिथल्याच संघातून खेळेल. हरला तर हरला.

पण सोहमच्या मनात ते घर करून बसलंय. आम्हाला तोंडावर काही बोलत नाही. परवा रात्री त्याच मोठ्या शाळेच्या सामन्यांचे व्हिडिओ बघत बसला होता. पंधरा वर्षांच्या पोराला आई-बापाचं 'नाही' म्हणजे नुसती अडवणूक वाटते. तुमचं तो ऐकतो. बाबा, येत्या रविवारी त्याला एकट्याला फोनवर घ्या, मी आणि संदीप बाहेर जाऊ. उपदेश करू नका, त्या खाडाखोड केलेल्या दाखल्याची गोष्ट सांगा, सगळी. संघ मागे घेतल्यावर त्या पोराचं पुढे काय झालं, तो तुम्हाला अजून भेटतो का, हेही सांगा. मलाही ते कधी नीट कळलेलं नाही.

नवे प्रशिक्षक जानेवारीत येतायत. तोवर व्यायामशाळा जुने सरच उघडतात, सकाळी सहाला, पगाराशिवाय.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर काकूंच्या हाती मागवून घे, अंगावर काढू नकोस. बाबांची साखर तपासल्याचा कागद फोटो काढून पाठव. पुढच्या ऑक्टोबरला तुम्ही दोघांनी यायचंच आहे, व्हिसाचं संदीप बघतोय. थंडी असते, पण ब्लँकेट मिळतात.

तुमची,
वैशू