अर्धा कप

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू चहा केलास आणि माझा कप अर्धाच भरून आणलास. सवयीनं. तुझ्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

तू नववीत होतीस. सकाळी पोटात दारू गेल्याशिवाय माझे हात थांबायचे नाहीत. बशीत चहा सांडला की मी तुझ्या आईवर ओरडायचो, म्हणून तू कप अर्धा भरायला लागलीस. कुणी सांगितलं नव्हतं तुला. त्या वयात बापाच्या थरथरीचा अंदाज घेत तुला वागावं लागलं, याची माफी मी कधी मागितली नाही. आज मागतो.

येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस काढून आलो, तेव्हा छातीठोक म्हणालो होतो, आता थेंबाला शिवणार नाही. चौथ्या महिन्यात पुतण्याच्या हळदीला प्यायलो. निश्चय कमी नव्हता गं. पण त्याच्याच जोरावर मी फॉलोअपला जाणं सोडलं होतं. मला काय गरज, म्हणून.

पुन्हा गेलो तेव्हा मान वर होत नव्हती. कुणी रागावलं नाही. ‘स्लिप झाली ना, बस,’ एवढंच. त्या दिवशी गटात पहिल्यांदा खरं बोललो. तुझ्या गल्ल्यातले पैसे मीच काढले होते, हेसुद्धा.

१९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हॉटेलात एकटा होता. धंद्यात अपयश, समोर बार. दारू सोडून पाचच महिने झालेले. त्यानं बारकडे न जाता फोन फिरवले, बोलायला दुसरा दारुडा शोधला. डॉ. बॉब भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्या दारुड्यांची संघटना, उभी राहिली. हे ऐकलं तेव्हा फार धीर आला मला. आधार मागणं म्हणजे कमीपणा, असं मी जन्मभर मानत आलो होतो.

आता तलफ आली की मीही फोन करतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पलीकडचा मित्र उपदेश करत नाही. ‘जेवलास का?’ विचारतो. रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते, हे त्यालाही अनुभवानं ठाऊक आहे.

सात वर्षं झाली. हात स्थिर आहेत. तरी माझा कप भर, असं तुला म्हणणार नाही. तुझं तुला वाटेल तेव्हा.

रविवारी ये. चहा मी करीन, आलं घालून. तुझा कप काठोकाठ भरून ओट्यापासून तुझ्यापर्यंत मीच आणीन.

तुझे,
बाबा