मंत्रीसाहेब, माझा कलाप्रकार कोणता ते आता तुम्हीच ठरवा

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. म्हाताऱ्या कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी मी अर्ज केला, त्याची फाईल कोणत्या खात्याच्या टेबलावर पडली आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ज्यांची असेल त्यांनी वाचावं.

मागच्या हिवाळ्यात आपण आमच्या तालुक्याला समारंभासाठी आला होतात. आपली गाडी पोचेपर्यंत मंडप आम्ही वाजवणाऱ्यांनीच धरून ठेवला होता, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. भाषणात आपण म्हणालात, या जिल्ह्यातला एकही म्हातारा वादक मानधनावाचून राहणार नाही. क्लॅरिनेट बगलेत धरून मीही टाळ्या वाजवल्या. परवा माझ्या अर्जाचं उत्तर आलं. अपात्र. कारण एक: कलाप्रकार निश्चित होत नाही. कारण दोन: अर्जदार संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहे.

पहिलं कारण आधी घेऊ. अर्जात कलाप्रकाराला एकच ओळ आहे. त्या ओळीत मी काय लिहायचं होतं? पोरवयात बापाबरोबर ब्रास बँडमध्ये झांजा वाजवल्या, मग क्लॅरिनेट हातात आलं. लग्नाच्या तिथी संपल्या की हरिनाम सप्ताहात पेटी धरली. एप्रिल लागला की जयंतीच्या गायन पार्टीत कधी बँजो, कधी ढोलकी. ऑर्केस्ट्राला सॅक्सोफोनवाला मिळेना म्हणून सॅक्सोफोन शिकलो, पुढं कीबोर्डवाला पुण्याला पळाला म्हणून कीबोर्ड शिकलो. मधे एका शाळेत तासिका तत्त्वावर संगीत शिकवलं. तिथला पगार दिवाळीला यायचा तो पुढच्या दिवाळीला आला. साहेब, मराठवाड्यात एका वाद्यावर पोट भरत नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या साली आमच्याकडं लग्नं टँकर बघून ठरायची. बँड कोण लावतो तेव्हा? ठरलेल्या सुपाऱ्या परत गेल्या, घेतलेला ॲडव्हान्स लोकांनी दारात उभं राहून मागून नेला. 2020 ला तर मंडपच उठला. आणि पाऊसपाणी बरं झालं तेव्हा नवरदेवापुढं डीजेची गाडी आली होती. या सगळ्यातून जो माणूस वाजवत राहिला, त्याला तुमचं कार्यालय म्हणतं तू नेमका कोण ते कळत नाही.

आता तर दातही गेले. क्लॅरिनेट फुंकताना वरचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात. कवळीवर तो जोर धरत नाही, सूर फाटतो. बरी रीड, म्हणजे माउथपीसला लावायची वेताची पट्टी, फ्रान्सहून येते, तिच्या डबीला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात घरात आठवड्याचा किराणा येतो. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढं ढकललंय. हे अर्जात लिहायला रकाना नव्हता, म्हणून इथं लिहितोय.

दुसरं कारण तर सोन्यानं मढवून ठेवण्यासारखं आहे. आमची संस्था 1860 च्या कायद्याखाली नोंदलेली आहे आणि मी तिच्या मंडळावर आहे, हे खरं. मंडळावर म्हणजे काय ते सांगतो. जनरेटरचं डिझेल संपलं की खिशात हात घालायचा. मंडळातली माणसं बदलली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तो चेंज रिपोर्ट द्यायला सुट्टी काढून जायचं. ढोलकीवाल्याची बिदागी बुडाली की त्याच्या शिव्या खायच्या. यात मला उत्पन्न आहे असं दिसलं ते तुमच्या कार्यालयालाच! लेकानं मोबाईलवर दाखवलं, 1882 साली बर्लिनमधले 54 वादक मालकापासून फुटले, कारण तो त्यांना रेल्वेच्या चौथ्या वर्गानं वॉर्सॉला नेणार होता. त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला, तो जगात नावाजला गेला. लंडनमध्ये 1904 पासून एका वाद्यवृंदाचे वादकच मालक आहेत, कारभारात बसतात. आमचा मालक आम्हाला टेम्पोत साउंडच्या खोक्यांवर बसवून नांदेडला न्यायचा, म्हणून आम्हीही फुटलो आणि संस्था काढली. तिकडं कारभार हाती घेतलेल्या वादकाला मान आहे, इकडं तो अपात्र.

आणि मानधन तरी केवढं? 2024 पासून महिन्याला 5,000. वाढवलं, आभारी आहोत. त्याआधी अ वर्गाला 3,150, क वर्गाला 2,250. म्हणजे देशभर गाजलेला कलावंत आणि गावातला गोंधळी यांच्यातलं अंतर सरकारच्या लेखी 900 रुपये. निवड जिल्ह्याला वर्षाला 100 जणांची. आमच्या एका तालुक्यातले भजनी, गोंधळी, वाघ्या-मुरळी, हलगीवाले, शाहीर धरले तरी हजाराच्या खाली आकडा यायचा नाही. मी मोजलेले नाहीत. तुम्हीही मोजलेले नाहीत.

दर 17 सप्टेंबरला आपण झेंडावंदनाला येता, निजामाच्या तावडीतून सुटल्याचं सांगता. 2023 ला अख्खं मंत्रिमंडळ संभाजीनगरला आलं, म्हणे 45 हजार कोटींच्या वरच्या घोषणा झाल्या. त्यातल्या किती कोटींची फुंकर आमच्या भोंग्यापर्यंत आली? मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तेव्हापासून अनुशेष, म्हणजे विकासात आम्ही किती मागं राहिलो ते, मोजायचीही कटकट गेली. मराठवाड्यानं महाराष्ट्रात यावं म्हणून 1953 साली नागपूर करारात आम्हाला काय काय कबूल केलं होतं ते जाऊच द्या. रात्री दहाला स्पीकर बंद करायला मात्र शिपाई वेळेवर येतो. नियम आहे, मान्य. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट द्यायची मुभाही त्याच नियमात आहे, आणि ती सूट कुणाच्या मिरवणुकीच्या वाट्याला येते ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मागणं थोडं आहे. कलाप्रकाराच्या रकान्यात एकाहून जास्त वाद्यं लिहू द्या. बिनपगारी मंडळावर बसलेल्याला लाभार्थी समजू नका. आणि निवड समितीत कार्यकर्त्यांचे मेव्हणे भरण्याऐवजी दोन तरी वाजवणारे घ्या, ज्यांना सनई आणि क्लॅरिनेटातला फरक डोळे मिटून कळतो. पुढच्या महिन्यात तिथी दाट आहेत, मी गावोगाव असेन. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवा, कार्यालयामार्फत नको. तिथून कागद बाहेर यायला लागतो तेवढा काळ माझ्याकडं आहे का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक क्लॅरिनेटवाला
(आणि पेटीवाला, बँजोवाला, ढोलकीवाला, कापायचं असेल ते कापा)