मॅनेज्ड स्विचचे पैसे, काम साध्या डब्याचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पतसंस्था, महाविद्यालये, दवाखाने, डाळ मिल आणि जिनिंगच्या कार्यालयांत आता चोवीस पोर्टचे (केबल जोडायच्या जागांचे) मॅनेज्ड स्विच, म्हणजे संगणक-कॅमेरे एका नेटवर्कात जोडणारे आणि हवे तसे सेटिंग करता येणारे डबे, सर्रास दिसतात. निविदेत ‘मॅनेज्ड’ असे आवर्जून लिहिलेले असते आणि त्याचे जादा पैसेही मोजले जातात. पुरवठादाराचा माणूस येतो, रॅकला चार स्क्रू मारतो, केबल खोचतो, दिवे लुकलुकले की चलनावर सही घेऊन निघून जातो. आत सगळे पोर्ट कारखान्यातून आले तसे व्हीलॅन १ मध्ये (व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे), पासवर्डही कारखान्याचाच. अशा स्विचकडून साध्या स्विचपेक्षा जास्त काही मिळत नाही. कार्यादेश देणाऱ्या आणि बिल पास करणाऱ्या मंडळींना काय मागायचे ते कळावे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पहिला फटका बसतो तो लाइट जाण्याचा. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या स्विचमध्ये सेटिंगच्या दोन प्रती असतात: सध्या चालू असलेली रनिंग कॉन्फिग आणि चालू होताना वाचली जाणारी स्टार्टअप कॉन्फिग. बदल केला की तो आधी फक्त रनिंगमध्ये जातो. ‘राइट मेमरी’ किंवा सेव्ह केले नाही, तर स्विच बंद होताच तो पुसला जातो. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना जो क्षणभर खंड पडतो, त्यातही स्विच रीबूट होऊ शकतो. पंखे-दिव्यांना तो खंड जाणवत नाही, म्हणून दोष इंटरनेटवाल्याला लागतो. रॅकला वेगळा छोटा ऑनलाइन यूपीएस (बॅटरीवर जाताना खंड न पाडणारा) हवा आणि सेव्ह केलेल्या कॉन्फिगची फाइल स्विचबाहेरही ठेवलेली हवी.

दुसरे दुखणे लूपचे, म्हणजे केबलचा वळसा स्विचवरच परत येण्याचे. दिवाळीच्या साफसफाईत टेबलामागे लोंबकळणारी पॅचकॉर्ड दिसते आणि कोणीतरी तिचे मोकळे टोक भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचून देते. इथरनेटच्या फ्रेमला (केबलमधून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) आयपी पॅकेटसारखी आयुष्याची मर्यादा नसते; ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेली) फ्रेम त्या वळशात फिरतच राहते आणि काही क्षणांत अख्ख्या इमारतीचे नेटवर्क गुदमरते. सगळ्या पोर्टचे दिवे एकदम वेगाने लुकलुकू लागले, तर आधी लूपचाच संशय घ्यावा. यावर उपाय स्पॅनिंग ट्रीचा (लूप ओळखून जादा वाट बंद ठेवणाऱ्या सोयीचा), पण तो विचारपूर्वक लावावा लागतो. रॅपिड प्रकार निवडावा, कारण जुन्या प्रकारात पोर्ट चालू व्हायला ३० सेकंद जातात आणि तेवढ्यात संगणक आयपी पत्ता मिळण्याची वाट पाहून थकतो. संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्याचे पोर्ट ‘एज’ (शेवटच्या उपकरणाचे) करून त्यांवर बीपीडीयू गार्ड लावावा. बीपीडीयू म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे निरोप; ते अशा पोर्टवर आले की गार्ड तो पोर्ट बंद करतो. मुख्य स्विचची प्रायॉरिटी मूळच्या ३२७६८ वरून ४०९६ वर आणावी (लहान आकड्याला अग्रक्रम). ही पायरी हमखास राहते. सगळ्यांची प्रायॉरिटी सारखीच असेल, तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यातून येणाऱ्या हार्डवेअर क्रमांकाचा) स्विच रूट, म्हणजे मुख्य, होतो. कोपऱ्यातल्या खोलीतला जुना, हळू स्विचही मग साऱ्या नेटवर्कचा मुख्य होऊन बसतो. काही स्वस्त छोटे स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत. ते जिथे आहेत, तिथे लूप डिटेक्शन आणि स्टॉर्म कंट्रोलही (ब्रॉडकास्टच्या पुराला घातलेली मर्यादा) लावलेले बरे.

व्हीलॅनचे काम इथल्या शेतकऱ्याला एका वाक्यात पटेल: केळीच्या बागेत ठिबकला सेक्शनप्रमाणे व्हॉल्व्ह असतात, तसेच हे. कार्यालय व हिशेब १०, कॅमेरे २०, पाहुण्यांचा वायफाय ३०, स्विचची स्वतःची व्यवस्था ९९, एवढी वाटणी मध्यम संस्थेला पुरते. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर २० मध्येच ठेवावा, नाहीतर सगळे चित्रीकरण विनाकारण राउटरमधून फिरते. दोन स्विचमधला पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा), संगणक-कॅमेऱ्यांचे एकेकाच व्हीलॅनचे म्हणजे अ‍ॅक्सेस. ट्रंकच्या दोन्ही टोकांना नेटिव्ह व्हीलॅन (क्रमांकाची खूण नसलेल्या फ्रेमचा) एकच हवा. आणि नुसते व्हीलॅन पाडून भागत नाही. राउटरवर त्यांच्यातली ये-जा मोकळीच ठेवली, तर पाहुण्याचा मोबाइल हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतोच. ती वाट अ‍ॅक्सेस लिस्टने (कोणाला कुठे जाऊ द्यायचे त्या नियमांच्या यादीने) बंद करावी लागते.

सिस्कोच्या स्विचवर एक घात ठरलेला आहे. ट्रंकवर नवा व्हीलॅन घालताना ‘अलाउड व्हीलॅन’ (ट्रंकवरून जाऊ द्यायच्या व्हीलॅनची यादी) या आदेशाच्या पुढे ‘अ‍ॅड’ हा शब्द विसरला, तर आधीची यादी जाऊन फक्त नवा क्रमांक उरतो. हे काम भुसावळहून शहाद्याच्या स्विचवर दूरून चालले असेल, तर संपर्कही तिथेच तुटतो. म्हणून जाणकार आधी ‘रिलोड इन १०’ देतात. चुकले तर दहा मिनिटांत स्विच जुन्या सेटिंगवर परत येतो. जमले तर ‘रिलोड कॅन्सल’ करून मग सेव्ह करायचे. तपासण्याआधीच सेव्ह केले, तर या युक्तीचा उपयोग शून्य.

कर्मचाऱ्याने घरचा वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीत जोडला, की तोही आयपी वाटू लागतो आणि निम्म्या संगणकांना भलतेच पत्ते मिळतात. डीएचसीपी स्नूपिंग (आयपी पत्ते कोण वाटतो यावर स्विचची नजर) चालू केले की हा प्रकार थांबतो. मात्र खरा सर्व्हर ज्या बाजूला आहे तो पोर्ट ‘ट्रस्टेड’ करायला विसरू नये, नाहीतर कोणालाच पत्ता मिळणार नाही.

पीओईचे (नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याचे) गणित खरेदीपूर्वीच मांडावे. ३७० वॉट बजेटचा स्विच २४ पोर्टना १५.४ वॉट देऊ शकतो. ३० वॉट लागणारी उपकरणे मात्र बाराच. कॅमेरा दिवसभर चालतो आणि अंधार पडला की बंद पडतो, अशी तक्रार नेहमीची. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते, आणि केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वाटेतच व्होल्टेज पडते. पोर्टला दोष देण्याआधी केबल कापून तार खरवडून पाहावी: आत पांढरी निघाली तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. लांबी पॅचकॉर्ड धरून १०० मीटरच्या आत. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक तुटली तर लिंक बहुधा १०० मेगाबिटवर उतरते. तीस कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटचे म्हणजे १२०, ते त्या लिंकमधून जाणार कसे? वेग हाताने ठरवूही नये. एका टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडे वाहतूक) पक्का आणि दुसरे ऑटोवर, तर दुसरे टोक हाफवर (एका वेळी एकीकडेच) जाते आणि सीआरसी चुकांचा (खराब पोहोचलेल्या फ्रेमचा) आकडा चढत राहतो.

उन्हाचे वेगळे सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि कार्यालयीन स्विचची मर्यादा बहुधा ४५ किंवा ५० अंशच असते. पत्र्याखालच्या बंद रॅकमध्ये ती सहज ओलांडली जाते. जिनिंगमध्ये सरकी-कापसाचे तंतू पंख्यात अडकतात, तिथे बिनपंख्याचा औद्योगिक स्विच घ्यावा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल न ओढता फायबर टाकावी. अर्थिंगमधला फरक आणि वीज कोसळणे, दोन्हींपासून बचाव होतो.

टेलनेट (उघड्या मजकुराचा दूरप्रवेश) बंद, एसएसएच (कुलूपबंद दूरप्रवेश) चालू, एसएनएमपीचे (दूरून देखरेखीचे) ‘पब्लिक’ हे मूळचे परवलीचे नाव काढून टाकलेले, वेळ एनटीपीवरून (नेटवर्कवरच्या घड्याळावरून). एवढे कार्यादेशात लिहावेच. सोबत कोणता पोर्ट कुठल्या खोलीत जातो त्याची यादी, कॉन्फिगची फाइल आणि पासवर्डचे बंद पाकीट संस्थेच्या ताब्यात मागावे.

बिल पास करण्यापूर्वी दोनच चाचण्या, पण सर्वांसमोर. स्विचची वीज काढून पुन्हा द्यावी: सगळे व्हीलॅन जसेच्या तसे परत आले पाहिजेत. मग एक पॅचकॉर्ड भिंतीवरच्या दोन सॉकेटमध्ये जोडावी: तो पोर्ट काही सेकंदांत आपोआप बंद झाला पाहिजे. त्याऐवजी सगळ्या कार्यालयाचे नेट गेले, तर धनादेशावर सही करू नये.

आपले,
जळगाव, धुळे व भुसावळ येथील काही नेटवर्क तंत्रज्ञ